वाचकांचे प्रश्न : नगरपरिषदेच्या बागेचा विस्तार

प्रश्न : आमच्या 'क' वर्ग नगरपरिषदेची सुमारे एक एकराची जुनी बाग आहे. लगतचे दोन एकर क्षेत्र घेऊन ती वाढवण्याचे घाटत असून, नव्या आराखड्यात चालण्याचा मार्ग, खुली व्यायामशाळा, मुलांची खेळणी, संगीत कारंजे आणि एक सभागृह दाखवले आहे. लगतची जमीन खासगी मालकीची आहे. ती विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित असल्याचे अधिकारी सांगतात, तर गावात काही जण ते आरक्षण केव्हाच संपल्याचे सांगतात. आम्ही नागरिकांनी नेमके काय पाहावे?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण पाठवलेले संकल्पचित्र देखणे आहे, परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी जमिनीचे कागद पाहावेत. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात अर्ज करून त्या जागेचा भाग नकाशा (विकास आराखड्यातील तेवढ्या जागेचा उतारा) आणि झोन दाखला (जागेला कोणता वापर लागू आहे याचा दाखला) मागावा. त्यावरून आरक्षणाचा क्रमांक, त्याचे नेमके प्रयोजन आणि क्षेत्र कळेल. 'बाग', 'खेळाचे मैदान' आणि 'सार्वजनिक सुविधा' ही तीन निरनिराळी आरक्षणे आहेत, आणि त्यांपैकी कोणते लागू आहे यावर पुढचे बरेच काही ठरते. अंतिम विकास आराखडा कोणत्या तारखेपासून अमलात आला, हेही त्याच अर्जात विचारून घ्यावे.

दहा वर्षे उलटली की आरक्षण आपोआप संपते, हा समज फार पसरलेला आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला आपल्या हक्काची कागदपत्रे जोडून नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे येथे नगरपरिषदेवर, नोटीस बजावता येते. ती बजावल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे कायद्याने संपते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, नंतर ती बारा महिन्यांची आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिन्यांची झाली. आरक्षण व्यपगत झाल्यावर शासनाने तसा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करायचा असतो. त्यामुळे 'केव्हाच संपले' असे म्हणणाऱ्यांना आपण दोनच गोष्टी विचाराव्यात : नोटीस कोणत्या तारखेला बजावली, आणि राजपत्रातील आदेश कोठे आहे. या दोन्ही गोष्टी नसतील, तर आरक्षण अद्याप कायम आहे असे समजून पुढे जाता येईल.

नोटीस खरोखरच आली असेल, तर मात्र वेळ दवडू नये. अशी नोटीस आवक विभागात शिक्का मारून फाइलला लागते, सर्वसाधारण सभेत 'जमीन संपादित करावी' असा ठराव होतो आणि सगळे निश्चिंत होतात. ठराव म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात, शासनाकडे केवळ प्रस्ताव धाडणेही या कलमाच्या दृष्टीने पुरेसे नाही, अशी भूमिका घेतली. आरक्षण एकदा व्यपगत झाले की शेजारच्या जमिनीला जो वापर लागू असतो तोच या जमिनीला लागू होतो, आणि बहुतेक गावांत त्याचा अर्थ भूखंड पाडणे एवढाच असतो.

जमीन मिळवण्याचे मार्ग कलम १२६ मध्ये दिले आहेत. मालकाशी वाटाघाटी करून मोबदला देणे, मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसऱ्या जागी वाढीव बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) देणे, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याची वाट धरणे, असे ते तीन मार्ग होत. पुण्या-मुंबईत टीडीआरला गिऱ्हाईक मिळते. पंचवीस ते चाळीस हजार वस्तीच्या गावात वाढीव मजल्यांना मागणीच नसल्यामुळे तो कागद घेऊन मालकाने करायचे काय, हा प्रश्न उरतो, आणि म्हणून तो रोख रकमेचाच आग्रह धरतो. सबब, आपल्या नगरपरिषदेने भूसंपादनासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद केली आहे, हे पाहिल्यावाचून विस्ताराच्या घोषणेला फारसा अर्थ देऊ नये. (भूमिपूजनाचा फलक मात्र सहसा वेळेत तयार होतो.)

आता सभागृहाबद्दल. बागेच्या आरक्षणात किती आणि कोणते बांधकाम चालते, हे राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पाहावे. माळ्याची खोली, स्वच्छतागृह, छोटा चौथरा यांबद्दल कोणी वाद घालणार नाही. परंतु लग्नकार्याला भाड्याने जाणारे सभागृह म्हणजे जमिनीचा वापरच बदलणे होय. तसा बदल करायचा असेल तर १९६६ च्या त्याच अधिनियमातील कलम ३७ ची प्रक्रिया, म्हणजे जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी, पार पाडावी लागते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. रुग्णालयासारख्या उपयुक्त कामासाठी जे चालले नाही, ते सभागृहासाठी चालेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

आपल्या पत्रात देखभालीचा उल्लेख नाही, आणि आमच्या मते हीच खरी मेख आहे. बांधकामाचे पैसे जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, आमदार निधी असे कोठून तरी येतात. माळ्याचा पगार, पाण्याच्या मोटारीचे वीजबिल आणि सुटे भाग यांचे पैसे नगरपरिषदेला दरवर्षी स्वतःच्या उत्पन्नातून उभे करावे लागतात. संगीत कारंजाचेच पाहा. कूपनलिकेचे जड पाणी वापरले की त्याच्या बारीक तोट्यांत क्षार साचतो, काही तोट्या बंद पडतात, पंपावर ताण येतो, आणि दुरुस्तीला माणूस मोठ्या शहरातून बोलवावा लागतो. खुल्या व्यायामशाळेतील यंत्रांचे बेअरिंग पावसाळ्यात गंजते आणि पहिल्या वर्षातच ती करकरू लागतात. म्हणून निविदेत दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, किती वर्षांचा आहे, त्या काळात दुरुस्ती किती दिवसांत करायची आहे आणि त्यानंतरच्या देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष (हिशेबातील खर्चाचे वेगळे खाते) उघडले आहे काय, हे आपण लेखी विचारावे. तीन एकरांच्या बागेला एकच माळी नेमणार असतील, तर कारंजे वगळून त्याच पैशात दुसरा माळी नेमावा, असे आम्ही नि:संकोच सुचवू.

बागेच्या अंतर्गत रचनेवर जाहीर हरकती मागवण्याची तरतूद विकास आराखड्यासारखी नाही. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. बागेच्या नकाशासाठी तसे काही मिळत नाही. त्यामुळे तो नकाशा कार्यादेशापूर्वी नगरपरिषदेच्या फलकावर लावावा, अशी मागणी प्रभागातील नगरसेवकामार्फत सर्वसाधारण सभेपुढे न्यावी आणि अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी.

प्रश्न : आमच्याकडे विस्ताराच्या कामात जुनी कडुनिंबाची आणि वडाची झाडे अडथळा ठरत असल्याचे ठेकेदार सांगतो. शिवाय सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवण्याचे चालले आहे. हे थांबवता येईल काय?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : झाड अडथळा आहे किंवा नाही, हे ठेकेदाराने ठरवायचे नसते. नागरी क्षेत्रातील वृक्षतोडीला १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि नगरपरिषदेने स्वतःच्याच बागेतील झाड तोडायचे म्हटले तरी त्यातून तिची सुटका नाही. परवानगीपूर्वी वृत्तपत्रात सूचना द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. आपण झाडाजवळ जाऊन तशी नोटीस आहे काय ते पाहावे, तिचे छायाचित्र घ्यावे आणि मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष ठरतात. आपल्याकडचा वड या व्याख्येत बसत असल्यास हरकतीत तसे स्पष्ट लिहावे.

पेव्हर ब्लॉकविषयी आमचे मत कडक आहे. बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचे आदेश दिले होते, त्याचा दाखला आपल्याला देता येईल. चालण्याच्या मार्गासाठीही दाबून बसवलेला मुरूम पुरतो, तो गुडघ्यांना सोसतो आणि दोन-तीन वर्षांनी थोडा नवा टाकला की भागते. घसरगुंडी आणि झोपाळ्यांखाली तर ब्लॉक नसावेतच, तेथे जाड वाळूचा थर असावा आणि ती वाळू वरचेवर सारखी करून घ्यावी. झोपाळ्याची खालची जमीन एकाच ठिकाणी खोलगट होते आणि पावसात तेथे डबके साठते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हिरवळ जगवण्यासाठी जे पाणी लागते, ते दोन-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावाने कोठून आणायचे, याचाही विचार व्हावा. तेवढ्याच जागेत करंज, बहावा, ताम्हण लावल्यास पहिली तीन वर्षे पाणी घालावे लागेल, पुढे सावली मिळेल.

प्रश्न : बाग वाढवून आम्हा बायकांना काय उपयोग? सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास उघडते, स्वच्छतागृहाला कुलूप असते, आणि मागच्या कोपऱ्यात पत्ते कुटणाऱ्यांचा अड्डा आहे.
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : ताईंचा प्रश्न रोखठोक आहे. शिवणकाम, धुणीभांडी किंवा दुकानातील काम करणाऱ्या स्त्रियांना थोडी उसंत मिळते ती दुपारी, आणि नेमकी तेव्हाच बाग बंद असते. विस्ताराच्या आराखड्यात तीन बदल आपण सामूहिक निवेदनाने मागावेत. भरीव कुंपणभिंतीऐवजी रस्त्यावरून आत दिसेल अशी जाळी असावी. एकाऐवजी दोन फाटके असावीत, म्हणजे मागचा कोपरा मागे राहणार नाही. आणि स्वच्छतागृह फाटकालगत, पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावे. कुलूप लागते ते बहुधा स्वच्छता कर्मचाऱ्याचे पद मंजूर नसल्यामुळे, म्हणून निवेदनात इमारतीपेक्षा त्या पदाची मागणी आधी लिहावी. चाकाच्या खुर्चीसाठी किंवा बाळाच्या गाडीसाठी उताराचा रस्ता एकास बारा या प्रमाणापेक्षा चढा नसावा, हेही त्यात घालावे.

प्रश्न : आमची नियोजित बाग नदीकाठी, पूररेषेत येते. परवानगी मिळेल काय?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नदीपात्र आणि निळी पूररेषा यांमधल्या निषिद्ध पट्ट्यात बाग, मैदान असे खुले वापर अनुज्ञेय असतात, इमारती नव्हेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, आणि कृष्णाकाठाने २००५ व २०१९ हे दोन महापूर पाहिलेले आहेत. कराडचा प्रीतिसंगम हे नदीकाठच्या बागेचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. तेथे जाऊन पूर ओसरल्यावर गाळ कसा काढतात आणि कोणती झाडे टिकून राहिली आहेत, हे माळ्यांनाच विचारावे. विजेची पेटी, पंप आणि व्यायामाची यंत्रे मात्र रेषेबाहेरच्या उंच बाजूला दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि जलसंपदा विभागाने प्रमाणित केलेला पूररेषेचा नकाशा प्रस्तावासोबत जोडला आहे की नाही, हे निविदा निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.