इपॉक म्हणजे युग नव्हे

प्रश्न नाशिकच्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा : सी प्रोग्रॅममधून सिस्टीम लॉगमधल्या (संगणक आपल्या घडामोडी नोंदवतो त्या फाइलमधल्या) वेळा वाचतोय, अहवाल मराठीत लिहायचाय, 'टाइमस्टॅम्प'ला काय लिहू आणि 'इपॉक'ला, म्हणजे संगणक जिथून वेळ मोजतो त्या क्षणाला, 'युग' चालेल का?

टाइमस्टॅम्पच लिहा, फार तर 'नोंदवेळ'. 'कालमुद्रा' लिहिलंत तर परीक्षकाला जुनी नाणी आठवतील.

'युग' मात्र मुळीच नको. युनिक्स या संगणकप्रणालीच्या इपॉकला लिहिलेलं हे 'युनिक्स युग' वाचून वाचून डोकं उठलंय. युगाला लांबी असते, इपॉक हा नुसता ठिपका : १ जानेवारी १९७०, यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र. तिथून सेकंद मोजत सुटायचं.

युग आलं 'युज्' म्हणजे जोडणे यातून. बैलांच्या मानेवरचं आपलं 'जू' त्याच घरातलं. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात युग पाच वर्षांचं : १८३० दिवस, ६० सौर महिने, ६२ चांद्र महिने. माझं तर ठाम मत आहे, सूर्य आणि चंद्र एका जुवाला जुंपले, पाच वर्षांनी दोघांचा फेरा एकदम पुरा झाला, म्हणून ते युग. कोशवाले 'जोडी' देतात, 'काळ' देतात, आणि एकातून दुसरा कसा निघाला विचारलं की 'लक्षणेने' म्हणून हात झटकतात. ग्रीक इपॉकच्या मुळाशी आहे 'थांबणं'. जुंपणं आणि थांबणं एक कसं होईल?

इपॉकसाठी शब्द पंचांगवाल्यांकडे तयार आहेत. गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघव या ग्रहगणिताच्या ग्रंथाचा गणनारंभ शके १४४२. तिथून लोटलेल्या दिवसांची संख्या म्हणजे 'अहर्गण'. तुमचा टाइम_टी, म्हणजे सीमधला वेळ साठवणारा आकडा, म्हणजे सेकंदांचा अहर्गणच की! आकडा फुगू नये म्हणून गणेशाने ४०१६ दिवसांची चक्रं वेगळी काढून ठेवली. ३२ बिटांचा टाइम_टी २०३८ साली उतू जाणार म्हणून घाबरलेल्यांनी जरा इकडे बघावं.

आरंभ सांगितला नाही की काय होतं? पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात वर्ष कोरलंय ४२. कुठून ४२? कोणी म्हणतं शक संवताचं, कोणी म्हणतं नहपानाच्या राज्याचं. मी दुसऱ्या पक्षाचा. राजा शकांशी जोडलेला म्हणून संवतही शक, याला युक्तिवाद म्हणत नाहीत, यमक म्हणतात.

तुमच्या लॉगची गत उलटी. जुन्या धाटणीच्या सिसलॉगच्या ओळीत महिना, दिवस, वेळ सगळं असतं, सालच नसतं. मजकुरातून वेळ वाचणारं सीचं स्ट्रपटाइम ते कुठून आणणार? सालाचा रकाना टीएम_इयर शून्यच राहिला तर १९०० निघेल, कारण तो १९०० पासून मोजतात. चालू साल स्वतः भरा, आणि डिसेंबरच्या ओळी जानेवारीत वाचत असाल तर त्यातून एक वजा करायला विसरू नका.