आंधळ्या मुलीला दृष्टी मिळते आणि भुतं दिसू लागतात, तो आशियाई सिनेमा कोणता? बघण्यासारखा आहे का?

तुम्ही म्हणताय तो ‘द आय’, 2002 चा. दिग्दर्शक पांग बंधू, भाषा मुख्यतः कँटोनीज. लहानपणीच दृष्टी गेलेल्या मुन नावाच्या मुलीवर हाँगकाँगमध्ये कॉर्नियाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं, प्रत्यारोपण होतं, आणि मग तिला नको ती माणसंही दिसायला लागतात.

बघाच, निदान लिफ्टच्या प्रसंगासाठी तरी. कोपऱ्यात एक म्हातारा पाठमोरा उभा आहे, सीसीटीव्हीच्या पडद्यावर मात्र लिफ्ट रिकामी. मुन आत शिरते, त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. एकेक मजला सरतो आणि तो हळूहळू तिच्या मागे सरकत येतो, पाय जमिनीला न टेकवता! मी रात्री बघितला आणि नंतर चार दिवस जिन्याने ये-जा केली.

पण मला जास्त हलवून गेला तो आरशाचा धागा. मुनने स्वतःचा चेहरा कधी नीट पाहिलेलाच नाही. त्यामुळे आरशात दिसणारी बाई आपण नाहीच, हे तिला फार उशिरा कळतं. तिथून कथा नेत्रदात्रीच्या शोधात थायलंडला जाते. हा भाग थोडा रेंगाळतो, शेवट मात्र जबरदस्त. सांगत नाही.

हिंदीत यावरूनच ऊर्मिला मातोंडकरचा ‘नैना’ (2005) आला. नेत्रदानाबद्दल गैरसमज पसरतील म्हणून त्याला विरोधही झाला होता. कॉर्नियाबरोबर आठवणीबिठवणी काही येत नाहीत हो, ती नुसती पारदर्शक चकती! तेव्हा सिनेमा बघा आणि नेत्रदानाचा फॉर्मही खुशाल भरा.