वेझेरकाठच्या गुहा, होडी आणि अक्रोड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या ले झेझी या गावाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. दोर्दोन्य जिल्ह्यात, वेझेर नदीच्या काठी, चुनखडीच्या उंच कड्याला पाठ लावून बसलेलं हजारेक वस्तीचं हे गाव. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं बोर्दोला होतो, तेव्हा पाहुणे आले की मी त्यांना हमखास तिथेच न्यायची. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. जूनमध्ये मुलीकडे बोर्दोला जाणार आहोत. ती म्हणते, चार दिवस काढून लास्कोची, अश्मयुगातल्या माणसांनी रंगवलेली गुहा बघू. पण ह्यांनी वाचलंय की तिथे खरी गुहा दाखवतच नाहीत, नक्कल दाखवतात. इतक्या लांब येऊन नक्कल बघायची का? माझे गुडघेही दुखतात. आम्ही शाळेच्या मुलांना इथल्या उक्षी गावच्या सड्यावरचा, कातळात कोरलेला प्राचीन हत्ती दाखवायला न्यायचो, त्यामुळे या विषयाची ओढ आहे. — र. शि., रत्नागिरी

ह्यांनी वाचलं ते खरं आहे. लास्को १९४० च्या सप्टेंबरात चार मुलांना सापडली. युद्धानंतर ती लोकांसाठी उघडली आणि माणसांची रीघ लागली. इतक्या माणसांचा श्वास, अंगाची ऊब, दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, पांढरे क्षार फुटू लागले. १९६३ मध्ये गुहा बंद केली, ती कायमची. आज दाखवतात ती २०१६ साली उघडलेली प्रतिकृती. ती फार मनापासून केलेली आहे, वेळ उरला तर जरूर बघा. पण तुमच्याकडे चार दिवस आहेत आणि तुमचे डोळे उक्षीच्या सड्यावर तयार झालेले आहेत, म्हणून माझं ऐका : मुक्काम ले झेझीलाच करा. तिथून लास्को पंचवीसेक किलोमीटर. आणि खुद्द गावाच्या वेशीवर फाँ-द-गोम आहे. अनेक रंगांत रंगवलेली, अस्सल आणि अजूनही लोकांना उघडी असलेली गुहा.

मी आईला घेऊन गेले तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. तिकीटघरापासून गुहेच्या तोंडापर्यंत चढाची पायवाट आहे. आम्ही चार ठिकाणी टेकलो, कोणी घाई केली नाही. आत मोजकी माणसं सोडतात. पिशव्या बाहेर, फोटो अजिबात नाही. वाट अरुंद, पायाखाली ओल. माहिती सांगणाऱ्या बाईंनी एका भिंतीसमोर थांबवलं. मला नुसता मळकट, तांबूस दगड दिसत होता. त्यांनी हातातला दिवा खाली आणला, भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि दगडातून गवा वर आला. त्याची वशिंड म्हणजे दगडाचाच फुगवटा. चितारणाऱ्याने आधी तो फुगवटा पाहिला, मग त्याला पाय आणि शिंगं दिली. पुढे दोन रेनडिअर आहेत. मादी गुडघे टेकून बसलेली, नर मान वाकवून तिचं कपाळ चाटतोय. रंग बराच उडालाय, पण कोरलेली जीभ आडव्या उजेडात स्पष्ट दिसते. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “अगं, आपली कपिला वासराला अशीच चाटायची.”

आपल्याकडे अजिंठ्याला आधी भिंतीवर माती-भुश्शाचा गिलावा आणि मग रंग. इथे मधे काही नाही, थेट दगड. म्हणूनच श्वासाची इतकी धास्ती. रोजच्या जागा फार थोड्या असतात. मुलीला सांगा, विमानाची तिकिटं निघाली की दुसरं काम हे आरक्षण. जागा मिळाली नाही तर चिडू नका. तिथले लोक मोजून माणसं सोडतात म्हणूनच आपल्याला अजून तिथे काही बघायला मिळतंय.

एक गोष्ट तुम्हा दोघांना मुद्दाम सांगते. ही गुहा जगापुढे आणणाऱ्यांत दनी पेरोनी हे गावातले शाळामास्तर होते. १९०१ च्या सप्टेंबरात, काही दिवसांच्या अंतराने, आधी काँबारेल ही जवळचीच दुसरी गुहा आणि मग फाँ-द-गोम. गावातलं प्रागितिहासाचं राष्ट्रीय संग्रहालयही त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलं. शाळा सांभाळून हे सगळं! तुम्ही मुलांना सड्यावर घेऊन जायचात, ते मला या मास्तरांच्या कुळातलं वाटतं.

काँबारेलमध्ये रंग जवळजवळ नाहीत, सगळं कोरीव काम. घोडे, गवे, मॅमथ एकमेकांवर कोरलेले. आपल्या जांभ्याच्या कातळावर चित्र आडवं पसरलेलं असतं, उन्हात उघडं. इथे ते काळोखात, उभ्या भिंतीवर. पण रेषेमागे बोट फिरवत “हा पाय, ही सोंड” असं जुळवत जायचं काम तेच. बाकीचे प्रवासी चाचपडतील तिथे तुम्हाला पटकन दिसेल.

गुडघ्यांचं बघून एका दिवशी एकच गुहा ठेवा. मधल्या दिवशी संग्रहालय करा, तिथे बसायला जागा आहे. तिथला एक तुकडा चुकवू नका : रेनडिअरच्या शिंगातून कोरलेला बोटभर लांबीचा गवा, मान मागे वळवून स्वतःची कूस चाटणारा. शिंगाचा तुकडा अरुंद, त्यात डोकं बसेना, म्हणून कारागिराने मान मागे वळवली असावी असं मला दर वेळी वाटतं. डोळ्याभोवतीची रेघसुद्धा मोजून घ्या, इतकी स्वच्छ आहे.

जवळच एक छोटा आसरा, म्हणजे कड्याखालची उथळ कपार आहे, तिथे छताला मीटरभर लांबीचा सामन मासा कोरलाय. १९१२ मध्ये तो सापडला आणि परदेशी विकण्यासाठी दगडासकट कापून काढायचा घाट घातला गेला. तो वेळेत थांबला, पण माशाभोवती पाडलेल्या खोल चरांचा चौकोन तसाच आहे. मासा बघून आनंद होतो आणि ते चर बघून पोटात कालवतं. मला वाटतं दोन्ही बघावं. याचंही आरक्षण आधी लागतं.

गुहांत बारा महिने तेराएक अंश तापमान असतं. बाहेर जूनचं ऊन असलं तरी शाल जवळ ठेवा, आणि तळवा घसरणार नाही अशी पादत्राणं.

प्रश्न : ताई, मी लिऑनला शिकतो. आम्ही तिघं मित्र जुलैत चार दिवस तंबू घेऊन येतोय. गाडी नाही. होडी आणि भटकंती दोन्ही जमेल का? — अ. पा., मूळचा सातारचा

छान जमेल. ले झेझीला रेल्वे स्टेशन आहे, पेरिगहून अर्धा-पाऊण तासाचा प्रवास. गाड्या दिवसाला थोड्याच, तेव्हा परतीची वेळ आधी कागदावर लिहून ठेव. आणि स्टेशनवरून गावात चालत येताना एका कड्यापाशी थांब. १८६८ मध्ये याच रेल्वेच्या दिवसांत, रस्त्याचं काम करताना तिथे माणसांचे सांगाडे निघाले. त्या जागेचं नाव क्रो-मान्यों. शाळेच्या पुस्तकात वाचलेला क्रो-मॅग्नन, म्हणजे अश्मयुगातला आपल्यासारखाच माणूस, तो हाच.

नदीकाठी तंबूंसाठी तळ आहेत. जुलै म्हणजे गर्दीचा हंगाम, जागा आधी सांगून ठेवा. होडी भाड्याने देणारे तुम्हाला गाडीतून वरच्या अंगाला नेऊन सोडतात, तुम्ही वल्हवत खाली यायचं. सॅं लेओं गावातून निघा. निघण्यापूर्वी तिथलं नदीला लागून असलेलं जुनं रोमानेस्क (मध्ययुगीन, गोल कमानींच्या शैलीतलं) चर्च बघा, आत पाच मिनिटं गार बसा. उन्हाळ्यात वेझेर संथ असते, पण पोहता येत नसेल त्याने जाऊ नये, आणि अंगातलं जाकीट पाण्यात असेपर्यंत काढायचं नाही. हे मी ओरडून सांगतेय असं समज. सामानाला झाकणाचं पिंप देतात. मोबाइल आणि पासपोर्ट त्यातच.

वाटेत ला रोक सॅं क्रिस्तोफचा कडा लागतो. जवळजवळ किलोमीटरभर लांब, ऐंशी मीटर उंच, आणि त्यात मजल्यावर मजले असे आडवे खाचे. मध्ययुगात तिथे अख्खं गाव राहत होतं. आम्ही तिथे वल्ही वर घेतली आणि प्रवाहावर होडी सोडून दिली. पाण्यातून वर बघताना तुळया बसवण्यासाठी दगडात पाडलेली चौकोनी भोकं दिसतात, ओळीने. गडावर वाड्याच्या जोत्यापाशी उभं राहून आपण डोळ्यांपुढे वाडा उभा करतो ना, तसं होतं. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून वर चढून जा. पुढे नदी मोठं वळण घेते तिथे ला मादलेन. ‘मॅग्दालेनियन’ हे अश्मयुगीन संस्कृतीचं नाव या जागेवरून पडलं, आणि मघाशी सांगितलेला कूस चाटणारा गवा इथलाच.

चालायला जी-आर ३६ ही लांब पल्ल्याची वाट गावातूनच जाते. झाडावर, खांबावर पांढरा-लाल असे दोन पट्टे म्हणजे वाट बरोबर. त्याच रंगांची फुली दिसली की मागे फिरायचं. सह्याद्रीत चढलेल्या पोराला चढ किरकोळ वाटेल. पाणी मात्र सोबत ठेव. आणि कड्यांवर, आसऱ्यांत मनाने चढू नका. खालच्या मातीच्या थरांत अजून काय आहे ते पुरतं उकरलेलं नाही, एका बुटाने त्याची नासाडी होते.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. तिकडे उपाशी राहावं लागेल का? — सौ. म. जो., नाशिक

उपाशी नाही, पण सावध राहावं लागेल. हा बदकाचा मुलूख आहे. इथले सारलादेज बटाटे दिसायला आपल्या काचऱ्यांसारखे, लसूण-कोथिंबिरीसारखा पाला घातलेले, पण परततात बदकाच्या चरबीत. लसणाचं सूपसुद्धा बहुधा तसंच. म्हणून ‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही, ‘चरबीही नको’ हे वेगळं सांगा. भरवशाचं काय, तर अक्रोड घातलेलं सॅलड, काबेकू नावाचं चपटं छोटं बकरीचं चीज, पाव, स्ट्रॉबेरी आणि अक्रोडाचा केक. जवळच्या सार्ला गावाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. तिथून अक्रोडाचं तेल आणा. गरम भातावर चमचाभर घालून बघा. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर निम्मा प्रश्न सुटतो. मी कुकर नेत असे.

प्रश्न : आठ वर्षांचा नातू बरोबर आहे. तो काळोखाला घाबरतो. — व. कु., ठाणे

त्याला रूफिन्याकला न्या. तिथे विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीत बसून आत जातात, आजोबांच्या मांडीला चिकटून बसता येतं. गुहा खरी आहे, प्रतिकृती नाही. काळ्या रेघांनी काढलेले मॅमथ शंभरावर आहेत, त्याला मोजायला लावा. चित्रांच्याही आधी गुहेत राहणाऱ्या अस्वलांनी झोपायला केलेले खड्डे आणि भिंतींवरचे नखांचे ओरखडे दिसतात. एका छतावर मात्र जुन्या प्रवाशांनी मेणबत्तीच्या धुराने आपली नावं लिहून ठेवली आहेत, थेट चित्रांच्या अंगावर. आपल्या गडांवर जे दिसतं तेच. माझ्या भाचीने ती नावं बघून मला विचारलं, “मावशी, यांना कोणी रागावलं नाही?” तुमचा नातूही विचारेल. त्याच्याशी खरं काय ते बोला, आठव्या वर्षी नीट कळतं.