वाचकांचे प्रश्न : फी माफ, पण केस पेपर हवाच

प्रश्न : मी बांबोळीच्या डेंटल कॉलेजात बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खालच्या पहिल्या दाढेला रूट कॅनल आणि वर कॅप लागेल, असं निदान झालंय. म्हापशाला क्लिनिक असलेले एक सीनियर ‘तुझ्याकडून पैसे कसले घ्यायचे?’ म्हणतात. त्यांच्याकडे जाऊ की कॉलेजच्या ओपीडीतच करून घेऊ? खर्चाचा विषय कसा काढू?
— विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : गोव्यात दंतवैद्यकाचं कॉलेज एकच. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणपर्यंत क्लिनिक चालवणारे बरेच जण तुमचे सीनियर निघतात आणि आपुलकीनं फी नाकारतात. ही रीत जुनी आणि चांगली आहे, संकोच करू नका. मात्र सीनियर माफ करतात ती त्यांच्या हातांची फी. कॅप बनवणाऱ्या लॅबचं बिल त्यांना पूर्णच भरावं लागतं आणि दाढेची मुळं आतून साफ करायच्या बारीक सुया, म्हणजे फाइलीही विकतच आणाव्या लागतात.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी, पहिल्याच भेटीत सरळ सांगा : ‘सर, तुमची फी तुम्ही ठरवा, पण लॅबचे आणि साहित्याचे पैसे मी देणार. कॅप मेटल-सिरॅमिकची सुचवता की झिर्कोनियाची, आणि दोन्हींच्या लॅबच्या दरात फरक किती?’ असं विचारल्यावर कॅपची निवडही मोकळेपणानं होते. पैशांबद्दल कुणीच बोललं नाही, तर डॉक्टर स्वतःच्या खिशाला झेपेल ती कॅप लावतात आणि तुम्ही न विचारता ती घेता. दाढेला काय योग्य, हा प्रश्न मग बाजूलाच राहतो.

फुकटच्या रूट कॅनलमध्ये काम बिघडतं ते बहुतेक वेळा वेळापत्रकामुळे. ‘संध्याकाळी ये, दोन पेशंटच्या मध्ये करून टाकू’ असं ठरतं. खालच्या पहिल्या दाढेत साधारण तीन कॅनल, म्हणजे मुळांतल्या बारीक नळ्या असतात, कधी चार. ते शोधणं, लांबी मोजणं, हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणानं धुणं याला तासभर लागतो. घाईत पहिल्यांदा वगळला जातो तो रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा. तो नसला की लाळ आत जाते आणि हायपोक्लोराइट घशाकडे उतरण्याची भीती असते. दुसरी बैठक मग परीक्षेमुळे किंवा चवथीच्या सुट्टीमुळे पुढे जाते. तात्पुरतं सिमेंट निदान साडेतीन-चार मिलिमीटर जाड असावं लागतं, आणि तेवढं असलं तरी ते थोड्या आठवड्यांपुरतंच टिकतं. झिजलं की कडेनं लाळ झिरपते आणि धुतलेला कॅनल पुन्हा दूषित होतो. शेवटची पायरी कॅपची. दुखणं थांबलेलं असल्यानं तीच सर्वात जास्त लांबते. आतून पोखरलेली दाढ चावताना उभी तडकते, आणि तडा हिरडीखाली उतरला तर दाढ काढावीच लागते. हे सगळं टाळायचं तर इतर पेशंटसारखीच पूर्ण वेळेची अपॉइंटमेंट मागा, कॅपपर्यंतच्या तारखा आधीच लिहून घ्या आणि भरणी झाल्यावरच्या एक्स-रेची प्रत स्वतःजवळ ठेवा.

कॉलेजात वेळ जास्त जाईल, कारण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. त्याचाच फायदा आहे. दाढेचं काम पीजीकडे, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे सोपवलं तर उत्तम. तुमच्या जागी आम्ही कॉलेजच निवडलं असतं : तुम्ही रोज तिथेच असता, त्यामुळे दुसरी बैठक चुकण्याचं कारण उरत नाही.

प्रश्न : माझं मडगावात क्लिनिक आहे. विद्यार्थी, इंटर्न, त्यांची भावंडं, सगळे ‘डॉक्टर, आम्ही त्याच लायनीतले’ म्हणून येतात. नाही म्हणवत नाही. मर्यादा कुठे घालावी?
— दंतवैद्य, मडगाव

उत्तर : नियम काय म्हणतो ते आधी पाहू. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेत 4.1 या कलमात म्हटलंय की, सहकारी डॉक्टर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले जवळचे कुटुंबीय यांची विनामूल्य सेवा करण्यात डॉक्टरनं आनंद आणि मान समजावा. ती संहिता एमबीबीएसवाल्यांची, पण भाव आपल्याकडेही तोच मानला जातो. त्यात सक्ती नाही आणि विद्यार्थ्यांचा उल्लेखही नाही. मर्यादा तुम्हीच घालायची आहे.

आमचा सल्ला असा. तपासणी, स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) आणि साधी भरणी विद्यार्थ्यांना पूर्ण मोफत करा. यात जातो तो मुख्यतः तुमचा वेळ. रूट कॅनल, कॅप, अक्कलदाढ यांत फी सोडा, पण साहित्य आणि लॅब यांचे पैसे घ्या. भावंडांना आणि चुलत्या-मावश्यांना सवलत द्यायची की नाही, हे ठरवून रिसेप्शनवर सांगून ठेवा, म्हणजे दर वेळी तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. आठवड्यातली एक दुपार विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली तर गर्दीच्या वेळी ओढाताण होत नाही.

दात सरळ करायच्या केसमध्ये जास्त जपून राहा. तारा साधारण दीड-दोन वर्षं चालतात, पुढे दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर. इंटर्नशिप संपत आलेल्या मुलीला तारा लावल्या आणि तिला एमडीएसला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला दूर कुठे प्रवेश मिळाला, तर अर्धवट केस कुणाच्या गळ्यात? सुरू करण्याआधी हे विचारा. त्यातही दाढांच्या पुढचे दात काढून जागा करायची असेल तर दोनदा विचारा, कारण ती जागा मध्येच उघडी राहिली तर परत फिरता येत नाही.

आणि एक गोष्ट ठामपणे. मोफत काम केल्यावर ‘विम्यासाठी पूर्ण बिल द्या’ अशी विनंती आली तर नकार द्या. न घेतलेल्या पैशांची पावती ही खोटी पावती आहे, नातं कितीही जवळचं असो. नोंद मात्र प्रत्येक केसची ठेवा : अॅलर्जी, चालू औषधं, संमतीची सही, भुलेचं औषध किती दिलं, सगळं. अॅड्रेनलिनसह दिलेलं लिग्नोकेन वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, हे विद्यार्थ्यालाही लागू आहे. ओळखीच्या माणसाला नेमके हेच प्रश्न विचारायचे राहून जातात.

प्रश्न : मुलगी बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची खालची अक्कलदाढ दुखते, हिरडी सुजते. कॉलेजमध्ये मैत्रिणीच काढतील का? आम्हाला काळजी वाटते.
— पालक, काणकोण

उत्तर : मैत्रिणी काढणार नाहीत. विद्यार्थी दात काढायला शिकतात ते शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि तेही साधे दात. हाडात अडकलेली खालची अक्कलदाढ ओरल सर्जरीच्या डॉक्टरांचं काम आहे. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. दाढेची मुळं जबड्यातल्या नसेला टेकलेली दिसली तर खालचा ओठ बधिर होण्याचा धोका असतो. तो धोका समजावून सांगूनच सही घेतात. मुलीला म्हणावं, हा कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस, विभागातले सर ओळखीचे असले तरीही.

तारीख परीक्षेच्या तोंडावर नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, टाके आठवड्यानं निघतात, आणि जखमेतली रक्ताची गाठ निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य ठणका लागतो. पहिली रात्र हॉस्टेलवर किंवा बांबोळीजवळच्या नातलगांकडे काढावी. रक्त पुन्हा सुरू झालं तर हॉस्पिटल जवळ हवं, काणकोणच्या बसमध्ये असून भागणार नाही. पहिले चोवीस तास थुंकणं, चूळ भरणं, स्ट्रॉनं पिणं बंद. पेज चालेल, पण कोमट आणि गाळलेली. उकड्या तांदळाचं शीत जखमेत जाऊन बसतं. नुस्तं (मासे) आणि पोय (पाव) चार-पाच दिवस नको. दाढ काढायच्या तारखेआधीच ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ओपीडीत जावं.

जाता जाता विचारा, हिपॅटायटिस बीच्या तीन लसी झाल्यात का? आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी अशा घेतात, आणि शेवटच्या लसीनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी 10 mIU/mL च्या वर आहेत ना, हे बघतात. पेशंटच्या तोंडात हात घालण्याआधी हे व्हायलाच हवं.

प्रश्न : राज्याबाहेर शिकतो. रूममेट रात्री क्लिनिकची हत्यारं आणून रूमवरच स्केलिंग करून देतो म्हणतो. चालेल का?
— विद्यार्थी, डिचोली

उत्तर : नाही. स्केलिंगमध्ये हिरडीतून रक्त येतं. 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक न झालेलं हत्यार म्हणजे आधीच्या पेशंटचं रक्त तुमच्या हिरडीत. शिवाय रूममेटची दंतवैद्य म्हणून नोंदणी झालेली नाही. काही बिघडलं तर कारवाई त्याच्यावर होईल. दिवसा ओपीडीत केस पेपर काढा आणि हवं तर त्यालाच करू द्या, शिक्षक शेजारी असताना.

प्रश्न : ज्यांनी फी घेतली नाही त्यांना काय द्यावं?
— इंटर्न, पणजी

उत्तर : अपॉइंटमेंटला दहा मिनिटं आधी पोचा, चुकवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा आणि सहा महिन्यांनी दाखवायला नक्की जा. काजूगर किंवा मिठाई न्यावीशी वाटली तर असिस्टंटच्या हातात द्या. तुमच्या कामासाठी उशिरापर्यंत थांबलेली असते ती.