ट्रम्पही जिंकले आणि स्लॉटकिनही, असं कसं?

प्रश्न: माझी मुलगी-जावई मिशिगनला असतात. २०२४ ला तिथं ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी सिनेटवर (अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहावर) डेमोक्रॅट पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन निवडून आल्या. लोकांनी एक मत इकडं आणि एक तिकडं दिलं का? आणि तिथून अमेरिकेच्या संसदेत गेलेल्या आपल्या बेळगावच्या श्री ठाणेदारांचं काय झालं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: काका, मलाही आधी तसंच वाटलेलं, पण आकडे बघितले आणि मत बदललं. ट्रम्पना २८ लाख १६ हजार मतं, कमला हॅरिसना २७ लाख ३६ हजार. आता सिनेटचं बघा, स्लॉटकिनना २७ लाख १२ हजार म्हणजे हॅरिसपेक्षाही कमीच, तरी त्या जिंकल्या, कारण समोरच्या माइक रॉजर्सना ट्रम्पपेक्षा सव्वा लाखाच्या आसपास मतं कमी पडली आणि ते १९ हजारांनी हरले. तिकडची मतपत्रिका लांबलचक असते हो, राष्ट्राध्यक्षापासून जज आणि शाळेच्या बोर्डापर्यंत सगळं एकाच कागदावर, आणि बरेच जण वरचं एक नाव भरून खालचं कोरं सोडतात किंवा छोट्या पक्षाला देतात. मला तरी वाटतं रॉजर्सना याचाच फटका बसला, पक्ष बदलणारे त्यामानाने थोडेच असणार.

खालच्या जागांवर मात्र ट्रम्प आणि रॉजर्स यांच्या रिपब्लिकन पक्षाचं चांगलं जमलं. राज्याच्या हाऊसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, ११० जागा, डेमोक्रॅटांकडं ५६ होत्या त्या ५२ झाल्या आणि बहुमत गेलं. वाईट याचं वाटतं की २०२२ ला जवळपास ४० वर्षांनी गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं त्यांच्या हातात आलेली, ते दोनच वर्षं टिकलं. राज्याच्या सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, निवडणूक २०२४ ला नव्हतीच. अमेरिकेच्या संसदेच्या खालच्या सभागृहात मिशिगनच्या १३ जागा, त्यांत रिपब्लिकन ७, डेमोक्रॅट ६. राज्याची राजधानी लान्सिंगकडची, स्लॉटकिन यांनीच सोडलेली जागा टॉम बॅरेट यांनी घेतली, नाहीतर हे उलटं असतं.

ठाणेदार डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघातून आरामात परत आले. तो डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळं तिथं नोव्हेंबरमध्ये फारसं काही ठरत नाही, खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात. २०२२ ला पक्षातलेच बरेच उमेदवार उभे होते, मतं फुटली आणि साधारण २८ टक्क्यांवर ते पुढं निघाले. मुलीला मतदान असेल तर तिला सांगा, ऑगस्टचं मतदान चुकवू नको.