टिकलीखालचा पांढरा डाग: वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

कोड आणि पांढऱ्या डागांविषयी सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (वाई): सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. कित्येक वर्षं चिकटवायची टिकली लावतात. आठ-नऊ महिन्यांपूर्वी टिकलीच्या जागी बरोबर तेवढाच गोल पांढरा डाग आला. आता त्याच्या कडेला मोहरीएवढे ठिपके दिसतात, अधूनमधून खाजतं. धाकट्या दिरांचं लग्न जमायचंय, म्हणून घरात म्हणतात की डॉक्टरांकडे नको, बोभाटा होईल. सासूबाई डाग झाकायला मोठी टिकली लावू लागल्यात. हे कोडच आहे का?

उत्तर: ती मोठी टिकली आजच काढा. डाग ज्या गोंदामुळे पडला असण्याचा दाट संशय आहे, तोच गोंद आता जास्त जागेवर लागतोय.

टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल या रसायनापासून केलेली राळ असू शकते. आपल्या कातडीतल्या रंगपेशी टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून रंगद्रव्य बनवतात. या फिनॉलची रचना टायरोसिनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे पेशीतलं रंगद्रव्य बनवणारं विकर (एन्झाइम) फसतं आणि त्याच्यावरच काम करू लागतं. त्यातून पेशीला घातक अशी क्विनोन संयुगं तयार होतात. पेशी धोक्याचे संकेत सोडते आणि काही जणांत शरीराची प्रतिकारशक्ती त्या रंगपेशींवरच तुटून पडते. टिकली लाखो बायका लावतात, डाग थोड्यांनाच पडतात. हा फरक बराचसा आनुवंशिक घडणीतून येतो. मात्र नेमका कुणाला डाग पडेल, हे आधी ओळखता येत नाही.

रसायनामुळे पडलेला डाग आणि कोड नुसत्या नजरेने वेगळे करणं अवघड असतं. डॉक्टर चार गोष्टी बघतात: डाग जन्मजात नसून नंतर आलेला आहे का, एखादी वस्तू त्या जागी वारंवार लागत होती का, डागाचा आकार त्या वस्तूशी जुळतो का, आणि कडेला बारीक ठिपके आहेत का. चारपैकी तीन जुळल्या तर रसायनाचा संशय पक्का धरतात. तुमच्या वर्णनात चारही दिसतात. कोलकात्यात अशा ८६४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १२ टक्के लोकांचे डाग टिकलीमुळे होते आणि बारीक ठिपके दहातल्या जवळपास नऊ जणांत दिसले होते.

आता करायचं काय, ते सांगतो. टिकली काढल्यावर गोंदाचं चिकट कडं कातडीवर राहतं. ते नखाने खरवडू नका, रॉकेल किंवा नेलपॉलिश काढायचं द्रावणही लावू नका. खोबरेल तेलाचे दोन थेंब पाच मिनिटं ठेवा, मऊ कापडाने टिपा आणि सौम्य साबणाने धुवा. त्यानंतर किमान सहा महिने कुठल्याही कंपनीची चिकटणारी टिकली नको. ‘हर्बल’ लिहिलेलीही नको, कारण पाकिटावर गोंदाचा घटक सहसा छापलेला नसतो. कपाळ मोकळं ठेवायला जड जात असेल, तर डागापासून दूर, भांगाजवळ, मेणावर पिंजर लावता येईल. मात्र ती पिंजर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा अशी सात दिवस लावून बघा. रंगीत पिंजरीतल्या कृत्रिम रंगांनी खाज सुटून कपाळ काळवंडतं, असेही रुग्ण येतात.

महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात डागाचा फोटो काढा आणि शेजारी फूटपट्टी धरा. वस्तू बंद करूनही डाग वाढत राहिला, किंवा जिथे टिकली कधी लागली नाही अशा ठिकाणी (ओठ, बोटांची टोकं, गुडघे) नवे डाग आले, तर कोडाचा विचार करावा लागतो. रसायनाने सुरू झालेला आजार पुढे स्वतःच पसरू शकतो, म्हणून ‘टिकली काढली, आता आपोआप जाईल’ असं समजून वर्षभर थांबू नका. चेहऱ्यावरच्या डागात रंग परत येण्याची शक्यता सगळ्यात चांगली असते. डॉक्टर बहुधा टॅक्रोलिमस मलम देतील; ते रंगपेशींवर तुटून पडणारी प्रतिकारशक्ती त्या जागी शमवतं. सुधारणा असेल तर दोन-तीन महिन्यांत केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसू लागतात.

लग्नाबद्दलही स्पष्ट लिहितो. हा डाग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एकत्र राहिल्याने कुणाला लागत नाही. सासूबाईंचा दवाखाना दिरांच्या लग्नापायी अडवून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. उपचार जेवढे लांबतील तेवढे कमी लागू पडतात.

प्रश्न (तासगाव): द्राक्षबाग आहे. फवारणी आणि पेस्टिंग (छाटणीनंतर डोळे फुटायला काड्यांना औषध लावणं) स्वतः करतो. दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला आणि मनगटावर पांढरे ठिपके आलेत. औषधाचा परिणाम की हातमोज्यांचा? रबरी मोजे घालतो.

उत्तर: दोन्ही शक्य आहे. डाग कुठे थांबतात ते बघा. मनगटावर मोज्याच्या काठाशी डाग सरळ रेषेत तुटत असतील तर संशय मोज्यावर जातो. रसायनाने पडणाऱ्या पांढऱ्या डागांची वैद्यकीय नोंदच मुळी हातमोज्यांपासून सुरू होते: १९३९ साली अमेरिकेत कातडी कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग आले. रबर टिकावं म्हणून मोज्यांत घातलेलं हायड्रोक्विनोनचं एक संयुग त्याला कारण ठरलं. घामाने ओल्या झालेल्या कातडीत अशी रसायनं लवकर शिरतात, आणि उन्हात दोन-तीन तास मोजे घातले की आत घामाचं तळं होतं.

पेस्टिंगच्या हायड्रोजन सायनामाइडचा परिणाम वेगळा असतो. त्याने कातडी आधी भाजल्यासारखी लाल होते, जळजळते, फोड येतात. ते बरं होताना जागा फिकी पडते, पण ती खडूसारखी पांढरीफटक नसते आणि बहुधा काही महिन्यांत रंग धरते. तुमचे ठिपके अशा भाजण्यानंतर आले की कातडी कधीच लाल न होता आले, हे डॉक्टरांना नक्की सांगा. अंधाऱ्या खोलीत वुड्स दिव्याखाली (अतिनील किरणांचा तपासणीचा दिवा) धरल्यावर रंगपेशी पूर्ण गेलेली जागा निळसर-पांढरी चमकते आणि नुसती फिकी पडलेली जागा मंद दिसते. तपासणी पाच मिनिटांची आहे. (पेस्टिंगच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारूला हात लावू नका. सायनामाइडमुळे शरीरात दारूचं विघटन अडतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, माणूस कोसळूही शकतो.)

कोलकात्याच्या त्याच अभ्यासात कीटकनाशकांचा वाटा फार थोडा होता, केसांच्या कलपाचा पाव हिस्स्याहून जास्त. म्हणून सगळा दोष फवाऱ्यावर टाकण्याआधी हाताला रोज काय काय लागतं त्याची यादी करा: कलप, धुण्याची पावडर, घड्याळाचा पट्टा, स्कूटरच्या मुठीचं रबर.

मोजे बदला. आत पातळ सुती मोजा, वर कोपरापर्यंतचा नायट्राइलचा. सुती मोज्यांचे तीन-चार जोड ठेवा आणि घामाने भिजला की बदला. काम झाल्यावर मोजे हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवा, मगच काढा. आतून औषध लागलेला किंवा फाटलेला मोजा टाकून द्या. हात थिनरने पुसू नका. छाटणीच्या कात्रीने बोटांच्या बेचक्यात घासतं, तिथेही कापडी पट्टी बांधा. कोडाची प्रवृत्ती असलेल्या माणसाला जिथे कातडी घासते किंवा कापते तिथे नवा डाग उठू शकतो. परकराच्या नाडीखाली कमरेवर येणारे डाग याच प्रकारचे. हातांवरचे डाग चेहऱ्यापेक्षा चिवट असतात, बोटांच्या टोकांवरचे सर्वांत जास्त. त्यामुळे उपचार लगेच सुरू करा.

प्रश्न (कराड): काळी मेंदी लावायला लागल्यापासून कानामागे आणि कपाळाच्या केसांच्या रेषेवर पांढरे डाग आले. मेंदी तर नैसर्गिक असते ना?

उत्तर: नुसत्या मेंदीच्या पानांचा रंग नारिंगी-तांबडा येतो. केस अर्ध्या तासात काळेभोर होत असतील तर त्या पावडरीत बहुतेक पॅरा-फिनिलिनडायअमिन आहे, म्हणजे कलपातलंच रसायन. ते बंद करा.

पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, म्हणून भर उन्हाळ्यात आणि शेतीच्या हंगामात ही टेस्ट ठेवू नका. टेस्ट कोरी आली म्हणून कलप निर्दोष ठरत नाही. ही टेस्ट ॲलर्जी पकडते, आणि रंगपेशी मारायला ॲलर्जी व्हावीच लागते असं नाही.

प्रश्न (सांगली): सात वर्षांच्या मुलाच्या गालांवर फिकट चट्टे आहेत. शेजारच्या मावशी म्हणतात जंत झालेत.

उत्तर: कडा अस्पष्ट, वरती किंचित कोंडा, उन्हाळ्यात जास्त उठून दिसणारे असे चट्टे या वयात फार मुलांना असतात. कोरडी कातडी हे त्यांचं कारण; जंतांचा संबंध नाही. साबण कमी करा आणि आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत पेट्रोलियम जेली लावा. चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल तर मात्र थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, आणि वेळेवर घेतली तर तो पूर्ण बरा होतो.

प्रश्न (कोरेगाव): मला कोड आहे. दूध-मासे, दही, लिंबू सगळं सोडलंय. एकाने बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं, दुसऱ्याने बिब्बा. बोअरच्या पाण्याने होतं असंही म्हणतात.

उत्तर: दूध, मासे, दही, लिंबू परत सुरू करा. यांच्यामुळे कोड होतं किंवा वाढतं याला आधार नाही, आणि वर्षानुवर्षं पथ्य पाळणारी माणसं अशक्त होऊन आमच्याकडे येतात. पाण्यातल्या आर्सेनिकने कातडीचा रंग बदलतो हे खरं आहे. पण त्यात अंगभर काळे-फिके बारीक ठिपके येतात आणि तळहात-तळपाय खरखरीत जाड होतात. तो प्रकार गंगेच्या खोऱ्यातला, तुमच्यासारखे ठळक पांढरे डाग त्यात नसतात.

बिब्बा कधीच लावू नका. त्याने कातडी भाजते आणि भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. बावचीत सोरालेन असतं, म्हणजे कातडीवर उन्हाचा परिणाम वाढवणारं रसायन, आणि ते खरोखर काम करतं. धोकाही त्यातच आहे. घरच्या तेलात ते किती आहे हे कळत नाही, आणि दुपारच्या उन्हात बसल्यावर दुसऱ्या दिवशी लिंबाएवढे फोड येतात. त्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडे ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याचे उपचार घ्या: आठवड्यातून दोन किंवा तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही, मात्रा हळूहळू वाढवत. तीन महिन्यांच्या आत निष्कर्ष काढू नका. सोबत थायरॉइडची रक्ततपासणी करा, कारण कोड असलेल्यांत थायरॉइडचे विकार जास्त आढळतात.

गोरं करणारी, तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब दुकानातून आणून आजूबाजूची कातडी उजळवायचा प्रयत्न करू नका. तिच्यातल्या हायड्रोक्विनोननेच काहींना ठिपक्याठिपक्यांचे पांढरे डाग पडतात. जपानमध्ये २०१३ साली गोरेपणाच्या प्रसाधनांतल्या रोडोडेंड्रॉल या घटकाने १५,०००हून अधिक लोकांना असे डाग पडले आणि ती प्रसाधनं बाजारातून मागे घ्यावी लागली. वापर थांबवल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा रंग पुष्कळसा परत आला. तुमच्याकडे अशी ट्यूब असेल तर फेकू नका. पुढच्या भेटीला डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा, रबरी चप्पल घालत असाल तर तीही. पायावर पट्ट्याच्या आकाराचे डाग आहेत का, ते चप्पल पायाशी धरूनच नीट कळतं.