शिंदीची चटई काढून प्लास्टिकची घेऊ नका

ताई, सासूबाईंनी गावाकडून आणलेली शिंदीची (रानटी खजुराच्या पात्यांची) चटई काठाला उसवतेय, पावसाळ्यात कुबट वास मारते, म्हणून ती टाकून प्लास्टिकची घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर मुळीच घेऊ नका. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढं जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. प्लास्टिकमध्ये घाम जिरत नाही, पाठ चिकटते. शिंदीच्या विणीतून वारा खेळतो. किल्लारीचा १९९३ चा भूकंप झाला, तोवर आमच्या भागात बहुतेक घरांना माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी त्याच्यावर पाणी शिंपडायचं आणि सगळी लेकरं नुसत्या चटईवर ओळीनं झोपायची. थंडीत मात्र तीच चटई खाली, तिच्यावर वाकळ आणि अंगावर घोंगडी.

आता उसवण्याचं. ही चटई अख्खी एका विणीत होत नाही. शिंदीची पाती भिजवून आधी लांबलचक पट्टे विणतात, मग ते कडेला कड लावून शिवतात. त्यामुळं आधी झिजते ती शिवण आणि तुटतात ती टोकं. मधली वीण कैक वर्षं टिकते. जुन्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी कापून चारही बाजूंनी दुमडून शिवा. जाड सुई आणि गोधडीचा दोरा पुरतो. शिवायच्या आधी काठ ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कोरडी पात सुईनं तडकते.

चटईची कधी घडी घालायची नाही, गुंडाळायचीच. वळकटी भिंतीला टेकवून ठेवली की ओल धरते, वास तिथूनच येतो. उघडीप मिळाली की दोन्ही बाजूंनी थोडा वेळ ऊन दाखवा. दिवसभर कडक उन्हात ठेवाल तर पात ठिसूळ होईल. गुंडाळताना आत वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका. अंथरण्याआधी फरशी झाडून घ्या, खालची कचकच पात कापते. आणि हिच्यावर कुरडया-मिरच्या वाळवू नका, त्याला वेगळी चटई ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. पावसाळ्यात शेतातल्या आखाड्यावर (खोपटात) मुक्काम असेल तर चटई जमिनीवर टाकून झोपू नका. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. तिथं बाज हवी, मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचलेली हवी. काही शंका आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर घरातही त्यांना बाज किंवा पलंगच द्या.

नवी घ्यायची झाली तर आठवडी बाजारात केरसुण्या-फडे विकणाऱ्यांना विचारा. केरसुणीही शिंदीचीच असते, त्यामुळं चटई विणणारं घर त्यांना बहुधा माहीत असतं. ओढ्याकाठची शिंदी आता फार कमी राहिलीय, पाला आणायला लांब जावं लागतं, म्हणून भावात घासाघीस करू नका. घेताना चटई उलटी करून पट्ट्यांमधली शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. फट पडली तर दुसरी मागा.